मस्टर कोणाच्या हाती? नंदुरबारची हजेरी : सालदारापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

१/
२९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली हे छोटेसे गाव. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक त्या दिवशी येथे दिले गेले. ते स्वीकारणारे दहाजण आदिवासी होते. बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांवरून माणूस ओळखणारी जगातील सर्वांत मोठी संगणकीय व्यवस्था अशा रीतीने मुंबई वा बंगळूरमध्ये न अवतरता, मोलमजुरीवर जगणाऱ्यांच्या गावात प्रथम अवतरली.

२/
कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची बहुतेक चर्चा यंत्राच्या कुवतीभोवती फिरते. यंत्र काय करू शकते, किती वेगाने करते, किती माणसांचे काम करते. इतिहासाला मात्र आणखी काही विचारावे लागते. यंत्र कोणाच्या कामावर आधी येते? ते कामाचे कष्ट कमी करण्यासाठी येते, की काम करणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी? आणि ज्याच्या कामावर ते येते, त्याला त्याविषयी बोलण्याचा अधिकार असतो का? या प्रश्नांची उत्तरे शोधायला नंदुरबारसारखा जिल्हा क्वचितच सापडेल.

३/
नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि नर्मदा, दक्षिणेस तापीकाठची काळी कसदार जमीन. या जमिनीचा मोठा भाग एकेकाळी भिल्ल कुटुंबांकडे होता. कर्ज, गहाणखते आणि न कळलेल्या कागदांवर उमटवलेले अंगठे यांच्या मार्गाने पिढ्यान्‌पिढ्या तो हातचा गेला. जमीन गेली आणि तिच्यावर राबणारे तेवढे मागे राहिले.

४/
या राबण्याचे जुने नाव ‘सालदारकी’. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होई. वर्षभराचा मोबदला त्या दिवशी ठरे. काही रोख, काही ज्वारी, काही आधीच घेतलेली उचल. त्यानंतर कामाला वेळ नसे, सुट्टीचा हिशेब नसे. खाडा किती झाला, उचल किती फिटली, हे सारे मालकाच्या वहीत लिहिलेले असे. ज्याचे श्रम त्या वहीत मोजले जात, त्याला ती वही वाचता येत नसे. हजेरीच्या इतिहासाचे हे पहिले पान.

५/
मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यातील पाटीलवाडी येथे धान्यासाठी गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यात बळी गेला. उपासमार आणि भीती यांनी ग्रासलेल्या परिसरात या घटनेने ठिणगी पडली. भिल्ल समाजातील अंबरसिंग सुरतवंती यांनी गावोगाव जागृतीचे काम आधीच उभे केले होते. सर्वोदयी कार्यकर्ते तेथे पोहोचले, मागोमाग शहरांतील शिकलेले तरुणही आले. १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी ‘श्रमिक संघटना’ आकारास आली.

६/
आयआयटी मुंबईत शिकलेले अभियंते कुमार शिराळकर या तरुणांपैकी एक. यंत्रांचे शास्त्र शिकलेला हा माणूस पुढे आयुष्यभर शेतमजुरांत राहिला. भिल्ल समाजातून आलेले वाहरू सोनवणे संघटनेतही होते आणि मराठी कवितेतही. संघटनेच्या मागण्या ऐकायला साध्या होत्या : हडपलेली जमीन परत द्या, कायद्याने ठरलेले किमान वेतन द्या, सालदाराच्या कामाला वेळ आणि सुट्टी ठरवा. यांतील शेवटची मागणी मुळात मोजमापाची होती. श्रम मोजायचे तर ते दोन्ही बाजूंना दिसेल अशा रीतीने मोजा, एवढाच तिचा अर्थ.

७/
याच सुमारास महाराष्ट्रावर १९७२ चा भीषण दुष्काळ कोसळला. मोठ्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षणासाठी राखणदारांची फौज उभी केली होती. दुसरीकडे मजूर दुष्काळी कामांची मागणी करत रस्त्यावर उतरत होते. त्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या. शहाद्याच्या गावांतील भिल्ल स्त्रियांनी दारूचे गुत्ते फोडण्याची मोहीमही याच काळात चालवली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ मध्ये या चळवळीवर लिहिलेल्या निबंधामुळे शहाद्याचे नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

८/
दुष्काळी कामांतून महाराष्ट्राने एक असाधारण कायदा घडवला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला ते मिळणे हा आता हक्क झाला. शहरी नोकरदारांकडून घेतलेला व्यवसाय कर या योजनेच्या निधीचा एक आधार होता. स्त्रीपुरुषांना कामाच्या मापाने सारखाच दर होता. सालदाराच्या मुलाला, सुनेला प्रथमच मालकाखेरीज दुसरे दार ठोठावता येऊ लागले.

९/
या कामावरची महत्त्वाची वस्तू म्हणजे मस्टर, हजेरीपत्रक. त्यावर नाव असेल तरच मजुरी. त्यामुळे मस्टर मजुराचे संरक्षणही होते आणि त्याच्या फसवणुकीचे साधनही. कागदावर खोटी नावे चढत, खऱ्या मजुराचे दिवस गळत, मोजमाप कमी भरत असे. म्हणून मजूर संघटनांचा आग्रह राहिला की मस्टर कामाच्या जागीच राहावे आणि सर्वांसमक्ष वाचले जावे. वाचता न येणाऱ्याला ऐकता तर येते! आपले नाव मोठ्याने उच्चारलेले ऐकणे हीच त्याच्यासाठी तपासणी होती.

१०/
हाच आग्रह राजस्थानात पुढे गेला. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांची मस्टरे गावासमोर वाचली गेली. मृतांची नावे, कधीच कामावर न गेलेल्यांच्या सह्या बाहेर आल्या. या लढ्यातूनच २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा मार्ग तयार झाला. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्यामागे महाराष्ट्राच्या हमीचा अनुभव होता. एका हजेरीपत्रकाने देशाला दोन कायद्यांपाशी आणून सोडले.

११/
मग मस्टर मोबाइलमध्ये गेले. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मनरेगासाठी हजेरीचे अ‍ॅप आणले : कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा, स्थान आणि वेळ यांच्या नोंदीसह मजुरांचे छायाचित्र पाठवायचे. १ जानेवारी २०२३ पासून ते देशभर बंधनकारक झाले. सातपुड्याच्या धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांत कित्येक पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत आणि मोबाइलला रेंज मिळणे हीच तेथे एक मजल असते. सकाळीच माती उपसून कामाचे माप पूर्ण केलेल्या मजुरालाही दुसऱ्या छायाचित्रासाठी थांबणे भाग पडू लागले.

१२/
खोट्या हजेरीला आळा बसेल, हा या अ‍ॅपमागचा युक्तिवाद होता. ८ जुलै २०२५ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच एका परिपत्रकात गैरप्रकारांची यादी दिली : असंबद्ध छायाचित्रे, छायाचित्राचेच पुन्हा काढलेले छायाचित्र, त्याच माणसांचे चित्र अनेक मस्टरांवर, चित्रातील आणि नोंदीतील स्त्रीपुरुषसंख्येत तफावत. उपाय म्हणून ग्रामपंचायत पातळीवर प्रत्येक छायाचित्र माणसांनी तपासावे, असा आदेश निघाला. गावासमोर वाचले जाणारे मस्टर आता पडद्यामागे पाहिले जाऊ लागले. पडद्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या मजुराला मात्र त्यात काही विचारले गेले नाही.

१३/
डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले. सोबत बायोमेट्रिक ओळख आणि गैरव्यवहार हेरण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता यांनाही स्थान मिळाले. म्हणजे खडी फोडणाऱ्याच्या जगात ही बुद्धिमत्ता सर्वप्रथम येते ती त्याच्यावर संशय घेणारी म्हणून. तेच तंत्र मजुरी किती दिवस थकली, कोणत्या टेबलावर अडली, कोणाचे माप कमी भरले, हेही शोधू शकते. कोणता शोध आधी घ्यायचा, हा निर्णय संगणक करत नाही.

१४/
आता याच जिल्ह्यातील दुसरे दृश्य. दिवाळी सरली की नंदुरबारच्या पाड्यांतून ट्रक भरू लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघतात. ही वाट नवी नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली परिसरातील सहकारी साखर कारखान्यांचा अभ्यास केला, तेव्हाही खानदेशातून मुकादमांमार्फत आणलेले मजूर तेथे ऊस तोडत होते. उचल आधी दिलेली, हंगामात जगण्यापुरती खावटी, आणि हिशेब हंगाम संपल्यावर. आखाजीच्या सालदारकीची सावली या व्यवस्थेवर स्पष्ट दिसते.

१५/
या व्यवस्थेत मजुराला नावानेही मोजत नाहीत. मोजतात ‘कोयता’. नवराबायको मिळून एक कोयता. तोडणारा आणि मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी, दोघांच्या श्रमांचा हिशेब एकाच नोंदीत, बहुधा पुरुषाच्या नावे. पहाटे उठून चूल पेटवणारी, दिवसभर फडात राबणारी स्त्री वहीत स्वतंत्रपणे नसतेच. ज्या माणसाची मूळ नोंदच नाही, त्याला उद्याचे कोणतेही चतुर यंत्र कोठून शोधणार? यंत्राला शिकवली जाणारी माहिती जुन्या वह्यांतूनच येते आणि वहीतले मौनही तिच्यासोबत येते.

१६/
ऊसतोडीचे यंत्र आजचे नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये १८६३ पासून पॅसिफिक बेटांवरील मजूर, अनेकदा फसवून, उसाच्या कामाला आणले जात. १९०१ च्या कायद्यानंतर त्यांची सक्तीने परत पाठवणी झाली. त्यांच्या जागी आलेले गोरे मजूर संघटित होते. १९११ मध्ये त्यांनी मोठा संप करून वेतन आणि कामाचे तास यांच्यासाठी लढा दिला. मजूर महाग आणि दुर्मीळ झाला, तसे यंत्राचे प्रयोग फायद्याचे ठरू लागले. १९७० च्या दशकाअखेर तेथील ऊस जवळपास पूर्णपणे यंत्राने तोडला जाऊ लागला.

१७/
पीक तेच, यंत्रही उपलब्ध. तरी तापीकाठी कोयताच चालत राहिला. लहान तुकड्यांची शेते आणि यंत्राला लागणारे सरींमधले रुंद अंतर ही त्याची तांत्रिक कारणे खरीच. पण मुख्य कारण हिशेबाचे होते. उचलीने बांधलेली दोन माणसे इतक्या कमी दरात मिळत असतील, तर यंत्रावर मोठे भांडवल कोण गुंतवील? स्वस्त श्रम नवे तंत्र रोखून धरतात, हे अर्थशास्त्राच्या इतिहासकारांनी ब्रिटन-अमेरिकेच्या तुलनेतून मांडलेले सूत्र. नंदुरबारच्या ट्रकमध्ये बसलेली कुटुंबे त्याची जिवंत उदाहरणे आहेत.

१८/
पुढे चित्र हलू लागले. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान जाहीर केले : किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. ऊसतोड कामगार संघटनांनी या यंत्राकडे वेगळ्याच नजरेने पाहिले. यंत्राला टनामागे जो दर मिळतो, तो माणसाला का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. ज्या यंत्राची भीती दाखवली जात होती, त्याच यंत्राचा दर मजुरांनी वाटाघाटीच्या तराजूत वजन म्हणून टाकला.

१९/
गुजरातेतही मजुरांच्या संघटनांनी दीर्घ पाठपुरावा केला. तेथील सरकारने २०२२ च्या अखेरीस ऊसतोडीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. त्याच सुमारास उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्ताही शिरत होती. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्यासोबत केलेल्या प्रयोगात उपग्रह आणि जमिनीतील संवेदक यांच्या आधारे पाणी, खत, रोग यांविषयी सल्ला मिळतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २०२५–२९ साठी ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरणही मंजूर केले.

२०/
शेतकऱ्याच्या दृष्टीने हे लाभाचे आहे. पाणी आणि खत वाचणे ही लहान गोष्ट नाही. तरीही एक विषमता लक्षात येते. उसाला कधी तहान लागली हे आता उपग्रहाला कळते, आणि तो ऊस तोडणाऱ्या कोयत्याचा हिशेब मात्र मुकादमाच्या वहीत हंगाम संपेपर्यंत बंद असतो. सल्ला जमिनीच्या धन्याला मोबाइलवर मिळतो. त्याच मोबाइलवर रोजची तोड, वजन आणि उरलेली उचल मजुराला दाखवणे तंत्राला अवघड नाही. फडावर तसा आग्रह धरणारी ताकद किती आहे, एवढाच प्रश्न आहे.

२१/
तिसरे दृश्य अंगणवाडीचे. कोरोनाच्या काळात नर्मदेच्या फुगवट्यापलीकडील पाड्यांवर पोषण आहार पोहोचवण्यासाठी स्वतः होडी वल्हवत जाणाऱ्या नंदुरबारच्या अंगणवाडी सेविकेची गोष्ट देशभर गाजली. कायद्याच्या भाषेत ती कर्मचारी नाही. ‘मानसेवी’ आहे आणि तिला मिळते ते ‘मानधन’. तिच्या प्रत्येक कामाची नोंद मात्र अ‍ॅपमध्ये हवी असते. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आले ते इंग्रजीत. सरकारने दिलेले फोन जुने, अपुऱ्या क्षमतेचे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभरातील हजारो सेविकांनी मोर्चे काढून ते फोन सरकारला परत केले.

२२/
यंत्रे फोडणाऱ्या लडाइटांची आठवण येथे सहज होते. १८११ पासून इंग्लंडमधील विणकाम-कामगारांनी यंत्रे फोडली, तेव्हा १८१२ मध्ये त्यासाठी फाशीचा कायदा झाला. खरे तर लडाइटांचाही राग सरसकट यंत्रावर नव्हता. मजुरी पाडण्यासाठी वापरलेल्या यंत्रावर होता. सेविकांनी काही फोडले नाही. चालेल असा फोन द्या, मराठीत अ‍ॅप द्या, मानधन वाढवा, असे त्या म्हणाल्या. फेब्रुवारी २०२३ च्या संपानंतर नव्या फोनचे आश्वासन मिळाले आणि सेविकांचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० रुपये झाले. पुढे १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थ्याची चेहरा ओळखणारी पद्धत बंधनकारक झाली आणि रेंजचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला.

२३/
हा धागा जुना आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. एका विणकराने अधिक माग सांभाळावेत, या ‘कार्यक्षमते’च्या योजनेला त्यांचा विरोध होता. १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापने यांच्यात करार होऊन संगणक अटींसह बँकांत आला. २०२३ मध्ये हॉलिवुडच्या लेखकांनी १४८ दिवस संप करून लिहून घेतले की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराची सक्ती लेखकावर करता येणार नाही. या तिन्ही ठिकाणी संघटना होती, म्हणून यंत्राच्या अटींवर बोलणी झाली.

२४/
नंदुरबारच्या तीन दृश्यांतून एक गोष्ट दिसते. श्रम स्वस्त आणि बांधलेले होते, तेथे कष्ट हलके करणारे यंत्र उशिरा आले. श्रमिक विखुरलेला होता, तेथे नजर ठेवणारे यंत्र लवकर आले. आणि जेथे श्रमिक एकत्र उभे राहिले, तेथे यंत्र आले तरी काही अटी त्यांच्याही राहिल्या. सालदाराची वही, रोहयोचे मस्टर, कोयत्याचा हिशेब, चेहरा ओळखणारा कॅमेरा : साधने बदलत गेली. शहाद्याच्या भूमिहीनांनी १९७२ मध्ये मागितलेली गोष्ट आजही तेवढीच साधी आहे. आमचे श्रम मोजा; पण मोजलेले आम्हालाही वाचून दाखवा.